ओट्याचं माप

विजापूर रोडच्या आमच्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, गच्ची पडली होती, दारं-खिडक्या बसल्या होत्या. राहिलं होतं ते आतलं काम: फरशी, रंग आणि स्वयंपाकघरातला ओटा. लोक याला किरकोळ काम म्हणतात. पण घर बांधलेल्या कुणालाही विचारा, माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात ती याच किरकोळ कामांवरून. आमच्याकडेही तसंच झालं. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते. आणि महादेवी होती, जी आदल्याच हिवाळ्यात माझ्या वडिलांशी लग्न करून अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून आमच्या शुक्रवार पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आली होती. पुढे मी तिला अव्वा म्हणायला लागले, तिकडे कानडी मुलखात आईला म्हणतात तसं, आणि अजूनही म्हणते. त्या उन्हाळ्यात मात्र मी तिला कुठल्याच नावानं हाक मारत नसे. काही सांगायचं असलं तर जवळ जाऊन उभी राहायची, आणि ती वळून बघेपर्यंत थांबायची.

माझी आई गेली तेव्हा घर जोत्याच्या जरा वर आलं होतं. कावीळ झाली आणि पंधरवड्यात सगळं संपलं. बांधकाम थांबलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत टाइमकीपर होते. पहाटेचा भोंगा झाला की ते निघत, आणि मी चूल पेटवून, त्यांचा डबा भरून, मग शाळेला जात असे. काही महिन्यांनी त्यांनी काम पुन्हा सुरू केलं, आणि तेव्हापासून माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ सुरू झाला. हे लिहिताना हात जरा अडखळतो, पण खरं तेच आहे. संध्याकाळी अण्णा गिरणीतून आले की चहा घेऊन सायकल काढायचे. मी मागं कॅरिअरवर बसायची. पेठेतल्या मागांची खटखट मागे पडत जायची, गावाबाहेरचा मोकळा वारा लागायचा, आणि अण्णा मान मागे न वळवता दिवसभराचं सगळं सांगत राहायचे: कुठल्या खात्यात कोण उशिरा आला, कोणी काय थाप मारली, साहेब कोणावर चिडले. मी सगळ्या गिरणीला नावानं ओळखत होते. प्लॉटवर पोचलं की ते विचारायचे, "मंगल, ही खिडकी इथंच ठेवायची की जरा पलीकडं?" मी कमरेवर हात ठेवून, विचार केल्यासारखं करून, "पलीकडं" म्हणायची. खिडकी पलीकडं जायची. नातेवाईक मला पुढे म्हणत, पोरीचं बालपण करपलं गं. मला तसं कधी वाटलं नाही. त्या दोन वर्षांत मी जेवढी महत्त्वाची होते, तेवढी नंतर कुठेच झाले नाही, ना सासरी ना नोकरीत.

आणि मग महादेवी आली. उंच, सावळी, मोठ्या हाताची बाई. धाकटी भावंडं वाढवता वाढवता तिचं लग्न राहून गेलेलं. बोलायला सरळ, चालायला झपाट्याची. तिच्यात मला वाईट असं काही सापडत नव्हतं, आणि माझा सगळा त्रास तोच होता. ती आळशी असती, भांडकुदळ असती, तर मी सुखानं तिचा राग केला असता. ती माझ्याआधी उठायची, माझी वेणी घालायला हात पुढे करायची, मी डोकं बाजूला घेतलं की दुसऱ्या कामाला लागायची. एकदा तिनं शेंगाची चटणी केली. मी दोन वर्षं आईच्या पद्धतीनं करत होते ती, बेताचं तिखट, जरा भरड. हिनं उखळात दाणे असे कुटले की मुसळाला तेल लागलं, लसूणही भरपूर. अण्णांनी भाकरीचा तुकडा चटणीला लावून खाल्ला आणि म्हणाले, "तेल चांगलं सुटलंय." एवढंच. दोन वर्षांत माझ्या चटणीबद्दल त्यांनी कधी चांगलं-वाईट काही म्हटलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना जेवणाचं काही कळतच नाही. त्या दिवशी कळलं की कळतं.

पुढच्याच आठवड्यात अण्णा चहा पिऊन उठले, सायकलचा स्टँड काढला, आणि मी चप्पल घालून उंबऱ्यापाशी आले तर म्हणाले, "आज तू घरी थांब. हिला एकदा घर दाखवून आणतो." महादेवी पदर खोचून कॅरिअरवर बसली. तिचे पाय इतके लांब की ते जमिनीला लागू नयेत म्हणून तिला ते उचलून धरावे लागत होते. मला वाटलं, आता गल्लीतली पोरं हसतील. कुणी हसलं नाही. सायकल कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात उभी होते, आणि अण्णांची मान जराशी मागे वळली होती. ते काहीतरी सांगत होते. काय सांगत असतील? गिरणीतलं? माझ्या ओळखीच्या माणसांच्या गोष्टी तिला? त्या संध्याकाळी मी पोळ्या करपवल्या, आणि तिनं त्या काही न बोलता आपल्या ताटात घेतल्या, याचाही मला राग आला.

एरवी तशी मीही जात होते, पण सिटी बसनं, त्यांच्या मागून. घर झपाट्यानं पुरं होत होतं. उन्हाळा वाढत चालला तशी ओल्या गिलाव्याला, चुन्याला वास यायचा, आणि आत पाऊल टाकलं की बाहेरच्या उन्हातून एकदम थंडाव्यात आल्यासारखं वाटायचं. रंगवाल्यानं रंगांच्या चौकोनांचं कार्ड दिलं होतं. आधी असतं तर अण्णांनी ते माझ्यापुढे पसरलं असतं. त्यांनी ते महादेवीपुढे धरलं. तिनं एकेका चौकोनावर बोट फिरवलं, डोळे बारीक केले, आणि म्हणाली, "मला ह्यातलं काय कळतंय? मंगलला विचारा की." आता ही मला माझाच हक्क वाढून देणार! मी म्हटलं, "मला काय विचारता? ज्याला राहायचंय त्यानं ठरवावं." अण्णा गोंधळून दोघींकडे बघत राहिले. शेवटी रंगवाल्यानंच मधल्या खोलीला फिकट आकाशी ठरवला, आणि तो कुणालाच आवडला नाही.

ओट्याचं मात्र वेगळं होतं. आमच्या चाळीत सगळ्या बायका खाली बसून स्वयंपाक करत. उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा ही आईची हौस होती. तिनं तो कुणाच्या तरी नव्या घरात बघितला होता आणि तेव्हापासून तिच्या डोक्यातून तो गेला नव्हता. आई बुटकी होती, माझ्या आत्ताच्या खांद्याला लागेल एवढी. आजारी पडण्याच्या थोडं आधी ती प्लॉटवर आली होती, स्वयंपाकघर होणार होतं त्या जागी उभी राहिली, आणि पोळी लाटल्यासारखे हात करून गवंड्याला म्हणाली होती, "चाचा, इथंवर." इब्राहिमचाचांनी तिच्या हाताखाली काठी उभी धरून माप घेतलं. नंतर काम सुरू झाल्यावर त्यांनी त्याच मापानं ओट्याच्या विटा रचल्या, बाजूचा गिलावाही केला. वरची काळी कडप्पा फरशी तेवढी बसायची राहिली होती, ती भिंतीला टेकवून ठेवलेली होती. मी गेले की त्या फरशीवरची धूळ हातानं पुसायची. तिच्यात आपला चेहरा दिसतो का ते बघायची. दिसायचा, अंधुक.

एका रविवारी आम्ही तिघंही तिथं होतो. इब्राहिमचाचांनी सिमेंट कालवून ठेवलं होतं. ते महादेवीला म्हणाले, "बाईसाब, एकदा उभं राहून बघा. फरशी बसली की मंग हलवता येनार नाय."

महादेवी ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. तिनं दोन्ही हात पुढे केले, भाकरी थापल्यासारखे, आणि तिला चांगलंच वाकावं लागलं. ती पुन्हा ताठ झाली. पुन्हा वाकली.

"ठेंगणा हाय," ती म्हणाली.

चाचा जरा घुटमळले. "पयल्या बाईंचं माप हाय. त्यांनी सोताच दाखवलं होतं."

अण्णा खिडकीचा गज हातानं चाचपू लागले, जणू तो नीट बसलाय की नाही हे बघणं फार महत्त्वाचं होतं. मला वाटलं, आता ती म्हणेल, राहू दे, चालेल. कुणीही बाई तसंच म्हणाली असती. मी तर मनातून त्याचीच वाट बघत होते, कारण ती तसं म्हणाली असती तर मला तिचा आणखी राग करता आला असता, ही चांगुलपणा दाखवते म्हणून.

"किती वाढवता येईल?" तिनं विचारलं.

"दोन थर घालू विटांचे."

"मग घाला दोन थर."

"नाही!" मी म्हणाले. माझा आवाज त्या रिकाम्या खोलीत केवढा तरी घुमला. "ते आईनं दिलेलं माप आहे. अण्णा, सांगा ना त्यांना. आईनं उभं राहून दाखवलं होतं."

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. "मंगल," ते म्हणाले, "तिथं रोज जिला उभं राहायचंय..." आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मग चाचांकडे न बघता म्हणाले, "घाला."

चाचांनी विटा पाण्यात बुडवल्या आणि पहिला थर लावायला घेतला. मी तो पुरा होईपर्यंत थांबले नाही. दारातून बाहेर पडताना एवढंच म्हणाले, "मी या घरात राहायला येणार नाही." आणि बसची वाट न बघता उन्हातून चालत सुटले, ते थेट शुक्रवार पेठेत सोनाआत्याच्या दारात.

सोनाआत्या म्हणजे अण्णांची मोठी बहीण. आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायची. तिला मूलबाळ नव्हतं आणि ती मला कधीपासून म्हणत होती, ये माझ्याकडं. तिनं मला पोटाशी धरलं, डोळे पुसले, लिंबाचं सरबत दिलं आणि विचारलं, "झालं काय?" मी सांगितलं. "दोन थर?" आत्या म्हणाली. "काय गं बाई!" ओटा केवढा उंच व्हायला हवा याबद्दल तिचं काही मत नव्हतं, ती अजून खाली बसूनच स्वयंपाक करत होती, पण तिला जे ऐकायचं होतं ते तिनं ऐकलं. कुरडयांचे दिवस होते. तिच्या गच्चीवर आम्ही गव्हाच्या चिकाच्या कुरडया घालत बसायचो आणि ती बोलत राहायची: आता तुझं त्या घरात काय राहिलं, आता तिला पोर झालं की बघ. माझ्या मनात आधीच पेटलेलं होतं, आत्या त्यात नुसती काटक्या टाकत होती. हात साच्यावर, आणि डोळ्यांपुढे सारखं तेच: आता अण्णा तिला घेऊन निघाले असतील, आता ते प्लॉटवरच्या पाण्याच्या हौदाच्या कडेला बसून चहा पीत असतील, आता ती हसली असेल. ती हसली की तिचे दात फार सुंदर दिसत, हेही मला आठवायचं. हेवा माणसाला समोरच्याचं किती बारकाईनं बघायला लावतो! मी पुढे शाळेत शिकवायला लागले, मुलींच्या चेहऱ्यावर हे मला लांबूनही ओळखू यायचं. डोळे एका ठिकाणी खिळलेले आणि कान दुसरीकडे.

अण्णा एकदा आले. कॉटच्या कडेला बसले, चहा प्यायले, म्हणाले, "येतेस का?" मी म्हटलं, "नाही." ते जरा वेळ बसून उठले आणि गेले. मला वाटलं होतं ते रागावतील, हाताला धरून ओढत नेतील. ते असे सहज कसे उठून गेले? सायकलची घंटी गल्लीच्या टोकाशी वाजली तेव्हा मला रडू आलं, आणि आत्याला वाटलं मी आईच्या आठवणीनं रडतेय.

मग एक दिवस भर दुपारी महादेवी आली. चालत. डोक्यावरून पदर घेतलेला, हातावर चुन्याचे आणि त्या आकाशी रंगाचे ठिपके वाळलेले. आत्यानं पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाली, "आलीस? झालं का रंगवून घर?"

"होत आलंय," महादेवी म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली. पाणी पिऊन झाल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं. "राग हाय न्हवं माझ्यावर?"

मी वाळलेल्या कुरडया डब्यात भरत राहिले.

"असू दे. मला बी तुझा येतो."

आत्याची मान वर झाली. माझीही.

"राग न्हाय, त्येच्याहून वाईट," महादेवी म्हणाली. "जेवायला बसलं की तुझे अण्णा तुझ्यासंगं बोलत्यात. गिरणीत काय झालं, कोण आलं, कोण गेलं, समदं तुला. माझ्यासंगं काय? पाणी दे, मीठ दे. सायकलवर मागं बसवून नेत्यात आन् वाटेत काय सांगत्यात ठाव हाय? मंगल असं म्हणली, मंगलनं ही खिडकी तिकडं घ्यायला लावली. दार कुठल्या अंगाला उघडायचं, तर मंगलनं ठरवलंय. त्या घरात जितं हात लावावा तितं तू! तुझ्या आईचं मला भ्या न्हाय. ती बिचारी गेली. पर तू हाईस की."

सायकल कोपऱ्यावर वळताना अण्णांची ती वळलेली मान मला आठवली. तेव्हा ते माझंच सांगत होते?

"मग ओटा का वाढवलात?" मी विचारलं. मी तिला आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न असेल.

"कंबर दुखली असती," ती सरळ म्हणाली. "रोज वाकून भाकरी थापायची, रोज कंबर दुखायची, आन् रोज मी मनात तुझ्या आईला बोल लावायचा. मेलेल्या बाईला रोज शिव्या घालू व्हय? त्यापरीस तू मला घाल. मी जित्ती हाय, मला सोसतंय."

आत्या उठून आत गेली. मला वाटलं ती चिडून गेली. पण आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं ती चहाचे तीन कप घेऊन बाहेर आली. महादेवीनं बशीत ओतून चहा घेतला, तोंड पुसलं आणि पदर सावरून उभी राहिली.

"येतीस का म्हणून विचारायला आले न्हाई," ती दारातून म्हणाली. "बोलायचं हुतं, बोलले. ह्या रविवारी वास्तुशांत हाय."

ती गेल्यावर माझ्या मनात जे झालं त्याला पश्चात्ताप म्हणता येणार नाही, आणि प्रेम तर मुळीच नाही. मला आनंद झाला. एवढी मोठी बाई, जिच्याकडे माझे वडील होते, माझ्या आईची जागा होती, नवं घर होतं, ती माझा हेवा करत होती. मी गच्चीवर जाऊन उगाच इकडून तिकडे फेऱ्या मारल्या. तिच्या तोंडची वाक्यं पुन्हा पुन्हा आठवली, 'जितं हात लावावा तितं तू' हे तर कितीदा तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपड्यांची पिशवी उचलली. आत्या म्हणाली, "अगं, कुरडया अर्ध्या राहिल्यात." मी म्हटलं, "येईन गं पुन्हा." मला घाई होती. जिथं माझा हेवा होतो, तिथं मला जायचं होतं.

त्यामुळं सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. वास्तुशांतीच्या दिवशी अण्णा आणि ती पाटावर शेजारी शेजारी बसले, गुरुजींनी उपरण्याची आणि पदराची गाठ मारली, तेव्हा माझा हेवा पुन्हा तसाच पेटला. मी फुलं, तांदूळ, पाणी आणून देत होते आणि गुरुजी दर वेळी म्हणत होते, "यजमानीणबाई, हात लावा." मी आणलेल्या वस्तूला तिनं हात लावायचा! तिच्या माहेरच्या बायका आल्या होत्या, त्यांचं आपसात कानडीत चाललं होतं. मला वाटायचं माझ्याबद्दलच असणार. त्यातल्या एकीनं मराठीत विचारलं, "ही कोण?" महादेवी पाटावरूनच म्हणाली, "मंगल. ह्ये घर हिनंच बांधून घेतलंय." हे कौतुकानं म्हणाली की टोचून, मला कळलं नाही. दोन्ही असावं. आता ती ऐंशीला टेकली आहे, मी तिला मध्ये एकदा विचारलंही. म्हणाली, "मला काय ठाव, होमाच्या धुरानं डोळे चुरचुरत हुते."

जेवणावळी उठेस्तोवर दुपार कलली. पाहुणे पांगले, आणलेली भांडी परत गेली, अण्णा कुणाला तरी बसपर्यंत सोडायला गेले. महादेवीनं मधली खोली पाण्यानं धुऊन काढली आणि फरशी जेमतेम वाळली तशी पदर पसरून खालीच आडवी झाली. मी दारात उभी होते.

"ये की," ती डोळे मिटूनच म्हणाली. "पड जरा. फरशी गार हाय."

मी आडवी झाले, जरा लांब, भिंतीकडे. पाठीला गारवा लागला आणि सकाळपासून मी किती दमले होते ते कळलं. बाहेर ऊन रखरखत होतं. थोड्या वेळानं अण्णांच्या चपलांचा आवाज आला. ते दारात थांबले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, ते त्यांच्या श्वासावरून मला ओळखता यायचं.

"मंगल," त्यांनी हळूच हाक मारली.

मी ओ दिली नाही. का, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं.

"झोपली का?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "अगं, ऐकलंस का?" हे तिला. तीही हलली नाही. मी पापणीच्या फटीतून बघितलं, तर तीही एक डोळा किलकिला करून माझ्याकडेच बघत होती. तिनं ओठ दाबून धरले होते.

अण्णा दारात घुटमळले, खोकले, मग पाय न वाजवता अंगणात गेले. आम्ही दोघी हसू दाबत पडून राहिलो. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. ते फाटकाला टेकून उभे होते आणि कुणी ओळखीचं येतंय का म्हणून रिकाम्या विजापूर रोडकडे बघत होते.